ताटात शेवटी उरते ते

"अण्णा, तुमचं ताट असं स्वच्छ झालं ना, की मला फार बरं वाटतं," असे म्हणत माझ्या सुनेने, वृंदेने, चौकोनी काचपात्रातून मिरचीचा आणखी एक तुकडा उलथन्याने उचलला आणि माझ्या ताटात वाढला.

मी नको म्हणालो नाही. हवे असेही म्हणालो नाही. मनात नारायणाचे नाव घेतले आणि तो तुकडा चार घासांत संपवला. जागा रिकामी झालेली पाहताच वृंदेचे डोळे पुन्हा उजळले. उलथने पुन्हा पात्राकडे वळले.

समोर माझी पत्नी सिंधू खाली मान घालून जेवत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. ते हसू होते की घास चावण्याची नुसती हालचाल, हे मला कळले नाही.

त्या जेवणाला आता पुष्कळ वर्षे लोटली. घर माझ्या मुलाचे, मुकुंदाचे. गाव अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको प्रांतातले, वाळवंटाच्या कडेला वसलेले. आदल्या उन्हाळ्यात कुरुंदवाडला माझ्या हृदयाने दगा दिला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रक्तवाहिनीत नळी बसवून मला परत आणले, आणि मुकुंदाने आम्हा दोघांना थोडे दिवस विश्रांतीसाठी म्हणून आपल्याकडे नेले. परतीचे तिकीट माघातले होते. ते मी माझ्या संध्येच्या पळी-पंचपात्राबरोबर, पिशवीच्या तळाशी जपून ठेवले होते.

तो पदार्थ काय होता, तेही सांगितले पाहिजे. त्या प्रांतात लांब, हिरव्या, बेताच्या तिखट मिरच्या पिकतात. शरद ऋतूत लोखंडी जाळीच्या पिंपात घालून त्या आगीवर फिरवतात आणि सगळ्या गावावर भाजल्या मिरचीचा वास पसरतो. आम्ही विमानतळावरून आलो त्या संध्याकाळी गाडीची काच खाली होती. तो वास आत आला आणि क्षणभर मला वाटले, कोणाच्या तरी चुलीवर ठेच्याची तयारी चालली आहे. त्या देशात मला परके न वाटलेला तो एकच क्षण.

शेजारच्या दोलोरेसबाई या मिरच्यांचा एक पारंपरिक पदार्थ करीत. मिरचीच्या पोटात चीज, वर अंड्यांचा थर, आणि सगळे खरपूस. वृंदा रुग्णालयातल्या औषधविभागात काम करणारी, सासऱ्याच्या हृदयाची काळजी वाहणारी सून. तिने तो पदार्थ हलका केला. अंडी गेली, त्यांच्या जागी मूगडाळीचे पातळ पीठ आले. चीज गेले, साय काढलेल्या दुधाचे पनीर आले. तेल गेले. शेवटी मीठही जवळजवळ गेले. उरले ते ओव्हनमध्ये भाजून निघालेले काहीतरी पिवळट, ओलसर आणि अळणी, ज्याच्या आत ती बिचारी मिरची निमूटपणे पडलेली असे.

वाचकाला वाटेल, एक वाक्य बोलायला या शास्त्र्याला काय झाले होते? ते सांगतो.

मी लहानपणी वेदपाठशाळेत राहिलो. आम्ही विद्यार्थी दुपारी गावात माधुकरी मागायला जात असू. कोणाकडची भाकरी करपलेली, कोणाकडची आमटी आंबट, कोणाकडे सणाची पुरणपोळी. सगळे एकाच झोळीत येई. माझी मुंज झाली त्या दिवशी गुरुजींनी मला जवळ बसवले आणि माझ्याकडून एक व्रत घेतले. ताटात आलेल्या अन्नाला चांगले म्हणायचे नाही, वाईट म्हणायचे नाही, आणि काही टाकायचे नाही. 'ज्याने दिले त्याने आपल्या घासातले दिले,' ते म्हणाले, 'त्याची परीक्षा घेणारे आपण कोण?' ते व्रत मी संसारातही पाळले. लग्नानंतर सिंधूलाही कधी म्हणालो नाही, की आज भाजी छान झाली किंवा आज मीठ जास्त पडले.

फक्त एक सवय लागली होती. जे रुचत नसे ते मी आधी संपवीत असे, आणि जे आवडे ते शेवटासाठी राखून हळूहळू जेवीत असे. सिंधूने ही सवय लग्नानंतर थोड्याच दिवसांत ओळखली असावी, कारण जे माझ्या ताटात शेवटपर्यंत रेंगाळे ते पुढच्या आठवड्यात पुन्हा होई आणि जे आधी संपे ते दिसेनासे होई. आमच्यात याविषयी कधी शब्द झाला नाही. गरजच पडली नाही.

वृंदेला मात्र हे कोण सांगणार? तिने पाहिले, की अण्णा ताटावर बसले की सर्वांत आधी मिरचीवर तुटून पडतात. तिने तो पदार्थ आठवड्यातून एकदा होता तो दोनदा केला, मग एक दिवसाआड. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत मी ती मिरची खात होतो, आणि जितक्या त्वरेने संपवीत होतो तितकी ती अधिक वाढली जात होती.

पण खरे सांगायचे तर मिरची ही त्या बंदिवासातली सर्वांत लहान कडी होती.

त्या घराच्या खिडक्या उघडत नसत. हवा यंत्रातून येई आणि यंत्रातूनच जाई. दार उघडले की भिंतीतून शीळ वाजे. देवापुढे उदबत्ती लावली, तर छतावरचे धूर ओळखणारे वर्तुळ असे किंचाळले, की शेजारचे कुत्रे भुंकू लागले. तेव्हापासून उदबत्ती बंद झाली. संध्येचे अर्घ्य मी स्वयंपाकघरातल्या मोरीत देत असे. सूर्य त्या वेळी माझ्या पाठीशी असे.

एकदा मी धोतर, शाल आणि कानटोपी अशा वेशात एकटाच फिरायला गेलो. रस्त्याला पायवाट नव्हती, माणूस नव्हते, सारखी दिसणारी मातकट घरे होती. एका बाईंनी मोटार थांबवली, मला आत बसवले, बराच वेळ फिरवले, आणि फोन करकरून मला घरी पोचवले. त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या संध्याकाळी मुकुंद म्हणाला, "अण्णा, एकट्याने बाहेर नको हं. मला कामावर चैन पडणार नाही." त्याने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले. ते माझी नाडी मोजून त्याच्या फोनवर कळवीत असे.

मी म्हणालो, "तुझी इच्छा."

तेव्हापासून मी घरात, जेवणाच्या टेबलाभोवती फिरू लागलो. देवळात प्रदक्षिणा घालतो तसा. मध्ये देव नव्हता, फळांची परडी होती.

सिंधू मात्र बाहेर पडे. वृंदेचा जाड कोट अंगात घालून ती दोलोरेसबाईंकडे जाई. एकीला मराठी येई, दुसरीला स्पॅनिश. काय बोलत असत देव जाणे, पण परत येताना सिंधूच्या हाताला मातीचा नाहीतर लसणीचा वास असे.

"काय करता दोघी?" मी एकदा विचारले.

"गप्पा मारतो."

"कोणत्या भाषेत?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही कुठे बोलता कोणाशी?"

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा एका सकाळी कुरुंदवाडहून यशोदेचा फोन आला. यशोदा हेरवाडकर ही तिथल्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सुटल्यावर ती रोज माझ्याकडे व्याकरणाच्या पाठाला येई, पावसात साडीचा काठ पिळून ओसरीवर बसे. ग्रंथ अर्धा झाला होता. माझ्या दुखण्यात तिथेच थांबला.

"गुरुजी, पोथी बांधून देवाजवळ ठेवली आहे," ती म्हणाली. "एकटीने पुढे वाचून पाहिलं. अक्षरं कळतात, अर्थ लागत नाही. तुम्ही माघात येताय ना?"

"येतो," मी म्हणालो.

फोन ठेवला. वृंदेने पाण्याचा पेला पुढे केला आणि प्रेमाने म्हणाली, "अण्णा, पाठ फोनवरूनसुद्धा घेता येतो. मुकुंद लावून देईल सगळं. त्यासाठी इतक्या लांब कशाला जायला पाहिजे?"

त्या वाक्यातून मला प्रथम समजले, की आमच्या परत जाण्याविषयी या घरात बोलणे चालू आहे आणि ते माझ्याशी चाललेले नाही.

त्या दुपारी आमच्या खोलीत सिंधू कपड्यांच्या घड्या घालीत होती. मी दार लोटून घेतले.

"तू वृंदेशी बोल," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"तुला ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही. तुम्ही कधी सांगितलंत?"

"ते... ती मिरची."

"मिरचीचं काय?"

अन्नाविषयी पुढचा शब्द म्हणजे व्रतभंग होता. सिंधूने माझे उपरणे झटकले, कडा जुळवल्या.

"व्रत तुमचं," ती म्हणाली, "आणि मोडायचं माझ्या तोंडाने? हे बरं आहे."

"मी मोडायला सांगत नाही. तू तुझ्या मनाने सांगितलंस तर..."

"माझ्या मनात तसं काही नाही." तिने उपरणे कपाटात ठेवले. "आणि तुम्हाला खरं मिरचीविषयी बोलायचं आहे का?"

मी खिडकीपाशी गेलो. बाहेर ऊन होते, पण काचेला हात लावला तर ती थंडगार होती.

पुढच्याच रविवारी, सुरुवातीला सांगितले ते जेवण झाले.

दुपारची वेळ. मुकुंद घरी होता. ताटात भात, मुगाची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि मिरची. मी चित्राहुती घातल्या, आपोशन घेतले आणि नेहमीप्रमाणे प्रथम मिरचीला हात घातला. ती संपली, वर वाढलेला तुकडाही संपला, तशी वृंदा पुन्हा उलथने घेऊन उभी राहिली.

"अण्णा," मुकुंद म्हणाला, "एक ठरवलंय. तुमचं परतीचं तिकीट मी आज रद्द करतो. उद्यापर्यंतच मुदत आहे. तुम्ही दोघं आता इथेच राहा."

माझा हात भातावर थांबला.

"तब्येत बघा तुमची इथे आल्यापासून. डॉक्टर खूश आहेत. रोजचं फिरणं, वेळेवर झोप, हलकं जेवण. तिकडे कोण बघणार हे सगळं? आणि जेवता किती आनंदाने. आई, घरी अण्णा असे जेवायचे का गं?"

"ताट घरीही रिकामंच व्हायचं," सिंधू म्हणाली.

"पण मिरची बघ ना, सगळ्यात आधी संपते. माणूस रमला आहे हे ताटावरून कळतं." तो हसला. "मग अण्णा, ठीक ना?"

"वाढू?" वृंदेने विचारले.

दोन प्रश्न एकदम आले. 'तुझी इच्छा' हे एकच उत्तर दोघांनाही पुरले असते, आणि ते माझ्या जिभेवर येऊन बसलेही होते. मी सिंधूकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

मी डावा हात ताटावर आडवा धरला.

"पोट भरलं?" वृंदा म्हणाली.

"नाही. हा पदार्थ मला रुचत नाही. पहिल्या दिवसापासून रुचला नाही."

मुंजीपासून जपलेली वस्तू हातातून सुटली, आणि फरशीवर काही आवाजही झाला नाही. वृंदा उलथने धरून तशीच उभी होती. त्यावरून एक थेंब टेबलावर पडला.

मग मुकुंद मोठ्याने हसला. सुटकेचे हसू होते ते.

"एवढंच ना? अहो, मग आधी नाही का सांगायचं? उद्यापासून बंद. वृंदा, दुधी करत जा, नाहीतर पडवळ मिळतं का बघू. बाकी काय हवं नको ते सांगत जा अण्णा. मग तिकिटाचं करून टाकतो हं आज."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. इतके मोठे कुलूप मोडले, आणि आत काय होते? दुधी. दार होते तिथेच होते, होते तसेच बंद.

"पण तुम्ही तर सगळ्यात आधी तेच खात होतात," वृंदा हळू आवाजात म्हणाली.

"नावडतं ते आधी संपवतात," सिंधूने सांगितले. "आवडतं शेवटी ठेवतात."

"आई, तुम्हाला ठाऊक होतं? मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीत?"

सिंधूने कोशिंबिरीचा घास घेतला.

माझ्या मनात त्या वेळी गुरुजींचा चेहरा होता. ते म्हणाले होते, अन्नाविषयी बोलायचे नाही. एवढेच म्हणाले होते. दाराविषयी, खिडकीविषयी, तिकिटाविषयी बोलू नको असे ते कधीही म्हणाले नव्हते.

"मुकुंदा, तिकीट रद्द करू नकोस," मी म्हणालो. "मला घरी जायचं आहे."

"अण्णा..."

"माझा पाठ अर्धा राहिला आहे. यशोदा पोथी बांधून बसली आहे. आणि तसं नसतं तरी मला जायचं आहे. इथे मला श्वास घेता येत नाही."

मुकुंदाचे हसू हळूहळू मावळले. त्याने चमचा खाली ठेवला.

"तिथे पुन्हा काही झालं तर?"

"होणार असेल तर इथेही होईल."

"इथे मी असेन," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "त्या दिवशी आईने मला फोन लावला आणि तसाच चालू ठेवून ती रिक्षा आणायला धावली. तुम्ही घरात कण्हत होतात. मी इथे या खुर्चीवर बसून ऐकत होतो. मग तुमचा आवाज थांबला. फोन चालूच होता, अण्णा. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आई परत येईपर्यंत मी ती ऐकली."

हे मला कोणी सांगितले नव्हते. मी मनगटावरच्या त्या यंत्राकडे पाहिले. इतके दिवस मला ते बेडी वाटत होते.

"हे बोलला नाहीस कधी," मी म्हणालो.

"आपल्या घरात कोण बोलतं?"

वृंदा खाली बसली.

"घड्याळ मी तिकडेही बांधीन," मी म्हणालो. "रात्री काढणार नाही. तुला दिसत राहील. पण जाईन."

त्याने डोळे पुसले नाहीत. नुसते मिटले आणि उघडले. मग म्हणाला, "आणि आईचं काय?"

"ती येईलच," मी म्हणालो. सवयीनेच म्हणालो.

सिंधू जेवत होती. माझे लक्ष तिच्या ताटाकडे गेले, आणि मला वाटते तिचे ताट मी असे निरखून पहिल्यांदाच पाहिले. भात संपला होता. आमटीची वाटी निपटलेली होती. कोशिंबीर संपली होती. ताटाच्या कडेला, देठासकट, एक मिरची शिल्लक होती. वरचा पिवळा थर तिने बाजूला करून खाऊन टाकला होता, आणि हिरवी मिरची अखंड राखली होती.

मी त्या मिरचीकडे पाहत राहिलो. लोक लांबून माझ्याकडे कठीण ओळींचा अर्थ लावून घ्यायला येत. तिचा नियम माझ्यासारखाच होता की माझ्या उलट, हे मला सांगता येईना.

"सिंधू," मी म्हणालो, "ती मिरची नावडते म्हणून ठेवलीस, की आवडते म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग देठ चिमटीत धरून ती मिरची उचलली आणि अगदी सावकाश, टोकाकडून देठापर्यंत खाल्ली. देठ ताटाच्या कडेला ठेवला.

"आवडते," ती म्हणाली. "तुम्हाला आवडत नाही असं मी सांगितलं असतं, तर वृंदाने करायची बंद केली असती."

वृंदा हसली आणि लगेच तिने पदरासारखी ओढणी तोंडाला लावली.

"मग तुला..." मी वाक्य अर्धे सोडले आणि पुन्हा नीट जुळवले. "तुला काय करायचं आहे? माझ्याबरोबर यायचं आहे, की राहायचं आहे?"

"मला चैत्र-वैशाखापर्यंत राहायचं आहे. दोलोरेसबाईंच्या परसात मिरचीची रोपं लावायची आहेत. त्यांचे गुडघे वाकत नाहीत आता. मी कबूल केलंय."

"कोणत्या भाषेत?" मुकुंदाने विचारले.

"हातांनी," ती म्हणाली.

मी घरी जाणार होतो, आणि एकटा जाणार होतो. यासाठी माझी तयारी नव्हती. 'तुझी इच्छा' असे म्हणणे सोपे होते. पण ते शब्द म्हणजे माझे हात झटकणे असे, हे त्या टेबलाशी बसलेल्या सर्वांना ठाऊक होते.

"बरं," मी म्हणालो. "मला जड जाईल. पण रोपं लाव."

"ताटातलं संपवा," ती म्हणाली. "भात निवतोय."

माघात मी परतलो. विमानतळावर मुकुंदाने माझ्या मनगटावरचा पट्टा घट्ट आहे ना, हे चाचपून पाहिले, आणि मी पाहू दिले. यशोदेने पोथीची गाठ सोडली. तिथून ज्येष्ठापर्यंत मी स्वतः भात शिजवून जेवलो, आणि तो कधी कच्चा राहिला, कधी लागला, तरी कोणाला काही म्हणालो नाही, कारण म्हणायला कोणी नव्हते. व्रत मोडल्याचे प्रायश्चित्त घेतले. व्रत पुन्हा धरले.

सिंधू ज्येष्ठात आली. नखांत तिथली लालसर माती होती की मला तसे वाटले, नक्की सांगता येत नाही.

आमच्याकडे ती मिरची मिळत नाही. सिंधू जाड भावनगरी मिरच्या निखाऱ्यावर भाजते, साल काढते, पोटात पनीर भरते आणि मुगाच्या पिठात झाकून मंद आचेवर ठेवते. दर गुरुवारी. डॉक्टरांच्या भीतीने मीठ अजूनही बेताचेच. ती "वाढू?" म्हणून विचारते. मी नेहमीप्रमाणे हो म्हणत नाही आणि नको म्हणत नाही, आणि ती वाढते.

मागच्या गुरुवारी यशोदा पाठ आटोपून निघाली होती. आम्ही दोघे जेवत होतो. माझा भात संपला, आमटी संपली. हात पुढे केला तेव्हा लक्षात आले, की ताटाच्या कडेला मिरची तशीच आहे.

सिंधूने ते माझ्याआधी पाहिले होते.

"अहो," ती म्हणाली, "आवडायला लागली की काय?"

मी मिरचीचा देठ चिमटीत धरला.

"अन्नाविषयी बोलायचं नसतं," मी म्हणालो, आणि सावकाश जेवू लागलो.